दवाखान्यातली हजेरी

हजेरीचा विषय निघालाच हाय तर सांगतो. दुष्काळात आमच्या साखर कारखान्याला ऊसच न्हवता. आमी कामगार दिवसभर लिंबाखाली बसायचो, पण हजेरी लागायची. त्यात मशीन दुरुस्त करताना माझा हात मोडला. परळीला प्लास्टर दाखवायला जायचं म्हणून सायबाकडं गेलतो.

साहेब म्हणाले, "दवाखान्यात गेलास की खाडा. पगार बुडंल."

"सायेब, हितं मी काय करतो?"

"बसतोस."

"तितंबी बाकावर बसायचंच हाय. अन् हात मोडला तो कारखान्याच्याच कामात."

सायबाला हसू आवरंना. हजेरी लागली. तेवढ्यात लिंबाखालचे सगळे उठले. "सायेब, आमीबी तितंच बसतो."

साहेब म्हणाले, "चला, माझाबी गुडघा लई दुखतोय."

दारातली गर्दी बघून डॉक्टरनं इचारलं, "हात नेमका कुणाचा मोडलाय?"