शेंदराखालचा चासी नंबर

आमी मूळचं म्हसवडच्या वरल्या अंगाचं, धनगर. माझा बा मेंढरं घिऊन पार कुंडलपतोर जायाचा, आन दुसऱ्याच्या कळपात गेल्यालं आपलं मेंढरू नुसत्या तोंडावरनं वळखून काढायचा. लगीन झालं तवा सासरी बी मेंढरंच, मग मालकांनी ती इकली आन जुनी जीप घेतली, वडाप करायला, मानसं भरून गावोगाव सोडायला. काय सांगू तुमाला, त्या जीपवर माझ्या पोरी शिकल्या, चूल पेटली, आमाला दुसरं काय न्हवतंच आन आता बी न्हाई.

आता सासूबाईचं ऐका. पयल्या दसऱ्याला गाडी धुतली, झेंडूची माळ घातली, तर म्हातारीला पुढल्या चाकाच्या वर, आतल्या लोखंडावर कायतरी कोरल्यालं दिसलं. म्हनली, हितंच हिचा देव हाय, आन तेलातला शेंदूर लावला. आवं, आमच्यात मेंढरांच्या वाड्यावर दगूड मांडून लावत्यात न्हवं, तसंच. दर दसऱ्याला पुटावर पुट चढलं. मालक हसायचं, पन आईचा शब्द कोन मोडतंय.

औंदा गाडी पासिंगला साताऱ्याच्या आरटीओत नेली. सायेब म्हनला, चासी नंबर दाव. मालकांनी बुकातला दावला, तर म्हनला बुकातला नगं, लोखंडावरचा. सतरा अक्षरं असत्यात म्हनं, गाडी कुठं झाली, कवा झाली समदं त्यात, आन शेवटचं आकडं तिचं एकटीचं, तसलं दुसऱ्या गाडीला न्हाई. मालकांनी वाकून बघितलं तर नुसता शेंदूर. भाईर वेल्डिंगवाल्याकडं नेली, त्यानं ग्राइंडर फिरवला, शेंदूर निघाला, पन खालचं लोखंड गंजून पापुद्रा झाल्यालं, त्यासंगं शेवटचं आकडं बी गेलं, पार सपाट.

माघारी नेली तवा सायेबानं त्या सपाट जाग्यावर बोट फिरवलं. म्हनला, चोरीच्या गाड्या आसंच घासत्यात. मालक म्हनलं, सायेब, शेंदूर हुता वो. तो म्हनला, सगळेच काहीतरी सांगतात. तवापासनं पोलिसांची चौकशी, सांगलीला एजन्सीत खेटं, नंबर नव्यानं मारायला वरनं परवानगी पायजे, आन ती कवा ईल कुनालाच ठावं न्हाई. जी मानसं रोज गाडीत बसायची तीच आता इचारत्यात, खरं सांग गड्या, कुनाची उचलल्याली? लय लागलं मालकांना. वडाप बंद केलं, गाडी दारातल्या चिंचंखाली लावली.

म्हातारीला ह्यातलं काय सांगितलं न्हाई, मालकांनी सांगूच दिलं न्हाई. तिला आता दिसत बी न्हाई नीट. परवाच्या दसऱ्याला शेंदराची वाटी घिऊन ती चिंचंखाली गेली, गाडी तिथंच उभी हाय, कोंबड्या बसत्यात आत. चाकाच्या वरल्या लोखंडावर बोटानं चाचपत ऱ्हायली, चाचपत ऱ्हायली. मग म्हनली, ही आपली न्हवं रं, आपली गाडी कुठं हाय? मालक हितं उंबऱ्यावरच बसल्यालं. मीच तिचा हात धरून आत आनली, शेंदूर तसाच वाटीत ऱ्हायला.

तुमी गाडीवरनं आलासा न्हवं? जावा आता सावकाश. आमचा सिद्धनाथ देव तुमाला नीट घरी पोचवू दे.