बाजूचा काढू का, साहेब?

आयका पोट्टेहो. शेकोटीत लाकूड सारा, अन् मधात बोलू नोका. ज्याले हासाचं असन त्यानं आत्ताच हासून घ्या.

बेलनाल्यापलीकडं सागाचा पट्टा आहे ना, तिथं अवथरे साहेब आले होते. जंगलाच्या अभ्यासाचे साहेब. लय हुशार मानूस, पन कोनाचं आयकनारा नाई. त्याचं काम विरळणीचं. म्हंजे कसं, साग दाटीत उभे, सारेच बारीक, सारेच उपाशी. साहेब एकेका झाडाले छातीच्या उंचीवर टेप लावे. झाड चांगलं दिसलं तं म्हने, "राख." अन् त्याच्या बाजूचं, त्याचं ऊनपानी खानारं, त्याले म्हने, "काढ." एक राखाचं तं बाजूचं काढाच लागते. हे ध्यानात ठेवा बरं.

टेप धराले माहा मोठा भाऊ, डोमादादा. दादाचा एकच नेम. दिवा लागला का झाडाले टेप लावाचा नाई. आपले बुडे सांगून गेले, अंधारात झाडं मोजनारा दुसराच असते.

एक दिवस शेवटची ओळ राहून गेली. सकाळच्या एसटीनं साहेबाले परत जाचं होतं. दादा म्हने, "साहेब, तांबडं फुटलं का करू." साहेब म्हने, "डोमाजी, बारा झाडांसाठी एसटी चुकवू का मी? राहू द्या. मी एकटा जातो."

अन् निघाला ना बाप्पा! हातात बॅटरी, गळ्यात टेप. दिवे कवाचे लागून गेलते.

पुढचं साहेबानंच मले मंग सांगतलं.

पहिलं झाड. एकट्यानं टेप लावाचा म्हंजे झाडाले कवटाळाचं, अन् मांगून टोक चाचपाचं. साहेबानं हात मांगं घातला. टोक कोनीतरी हातात दिलं! गार बोटं. साहेबाले वाटलं, डोमाजीच आला. रागात आहे, म्हनून बोलत नाई. "आलात ना शेवटी?" म्हनून हासलासुद्धा.

दुसरं झाड. पुन्हा टोक हातात. अन् मांगून आवाज, "त्रेसष्ट." बॅटरी मारून पाहते तं त्रेसष्टच! तिसरं झाड. टेप लावाच्या आधीच आवाज, "अठ्ठावन. काढा." चवथं. "एकाहत्तर. राखा." बराब्बर! साहेबाच्या मनातलंच! मानूस खुश झाला. सांगा आता, कोनावर खुश झाला!

पाचव्या झाडाले साहेब वळसा घालून मांगं गेला. मांगं कोनीच नाई. टेपाचं टोक मातर हवेत तानलेलं.

पळाले गेला. तं टेप छातीभवती आला. काखेखालून, गच्च. अन् कानापाशी आवाज, "चौऱ्यांशी. हे काढू का राखू, साहेब?"

इकडं दादाले जेवन जाईना. "मानूस येकटा गेला रे माह्यापायी." कंदील घेतला त्यानं. मी म्हनलं, "दादा, तू तुहा नेम मोडतं?" तो म्हने, "झाडाले हात नाई लावत मी. मानसाले घेऊन येतो." मी नाल्यापर्यंत संगं गेलो. पुढं पाय उचलला नाई माहा. खोटं कायले सांगू? भेलो मी. कंदील सागात शिरताना पाह्यला, अन् पुढचं सारं नाल्यातून आयकलं.

साहेब ओरडला, "राख! मला राख रे बाबा!"

तो आवाज म्हने, लय अदबीनं म्हने, "बरं साहेब. मंग बाजूचा काढू का?"

कंदील तवा साहेबापासून दहा पावलावर. दादा हाका मारून राह्यला होता, "साहेब! ओ साहेब!"

अन् साहेब म्हने, "काढ!"

कंदील इझला.

टेप सैल झाला, अन् साहेब धावत येऊन माह्या पायापाशी पडला. जित्ता. दादा सकाळी सापडला. सागाच्या ओळीत आडवा, डोळे उघडे, अंगावर ओरखडासुद्धा नाई. कंदिलात तेल तसंच होतं.

साहेब माह्या मायच्या पायावर पडून रडला. "आई, मला वाटलं तो बाजूच्या झाडाचं विचारतोय." असन, खरंबी असन. त्याच्या जागी मी असतो तं मीबी तेच म्हनलं असतं. पन दादाच्या हाका मी नाल्यातून आयकल्या पोट्टेहो. त्यानं दहा पावलावरून नाई आयकल्या?

साहेब गेला. विरळणी झालीच नाई. साग अजून तसेच दाटीत उभे आहेत.

म्हनून सांगतो, दिवा लागल्यावर बेलनाल्यापलीकडं जाऊ नोका. तिथं जीव वाचते, नाई असं नाई, पन दुसऱ्याचा देऊन वाचते. अन् तुमच्यातला कोनी गेलाच, तं त्याले आनाले जाऊ नोका. सख्खा भाऊ असला तरी नोका.

मी नाल्यावर थांबलो, म्हनून आज तुमच्यापुढं बसलो आहे. त्यात काय सुख आहे, ते मातर मले इचारू नोका.