पोत्यावर लिवलेलं होतं म्हने!

...नाई, पन मी म्हनतो, लिवलं होतं तं लिवलं होतं, तोंडानं सांगाले जीभ झिजते का बाप्पा? जो तो मलेच म्हनून राह्यला, "भगवानराव, पोत्यावर लिवलेलं होतं!" अरे, होतं ना! नव्हतं म्हून म्या कुठी म्हनलं?

तुमाले सांगतो, आमची चांदी गाय. तिची तीन महिन्याची कालवड, मोगरी. आमच्या घरचीनं, रुखमानं, तिले लेकरावानी जपलं, सोताच्या ताटातली भाकर चारली. म्हनलं, गाय दुभती हाय, सरकीची ढेप तं रोजचीच, आता ते कंपनीचं नवीन खाद्य निंगालं ना, ते आनू. गेलो चिखलीले. दुकानात पाहतो तं पोतेच पोते! दुकानदार बोट दाखवून राह्यला, "हे दुभत्याचं, हे बैलाचं, हे कोंबड्याचं, वासराचं येगळं येते पन आता संपलं." म्या इचारलं, "मंग हेच वासराले चालते का हो?" तं म्हने, "मायले चालते ते लेकराले काऊन चालनार नाई?" पटलं ना मले! तुमाले पटलं नसतं?

पोतं घरी आनलं. त्याच्यावर हिरव्या शाईची हे मोठी गाय छापेल. आता गोमाता दारात आली, अन् रुखमा तशीच घरात घेईन? ताट आनलं, नारय फोडला, अन् गाईच्या पायावर हयद-कुकू लावलं... थोडंथोडकं नाई, बोटं भरभरून! अन् त्या कंपनीवाल्यानं लिवलं कुठी? बरोब्बर गाईच्या पायाखाली! मी चवथी पास हाव, वाचता येते मले. वरतं वाचलं बी... प्रथिनं इतके टक्के, चोथा इतके टक्के... खालतं कुकू. आता घरच्या बाईनं लावेल कुकू, मी जित्ता असतानी मीच पुसू? सांगा ना!

मोगरीले घमेलंभर दिलं. लय आवडलं तिले. दुपारी थरथर कापाले लागली, तोंडाले फेस, पोट नगाऱ्यावानी... ढोराचे डाक्टर येईपर्यंत रुखमाच्या मांडीवर मान टाकली तिनं. मी रडलो, खोटं काऊन सांगू! अन् डाक्टर काय म्हनतात? "अहो, यात युरिया असतो! लहान वासराला चालत नाही. पोत्यावर लिहिलेलं असतं!" युरिया! जे आपन कपाशीले टाकतो ते!

गेलो दुकानदाराकडं. तो हात झटकून मोकया, "पोत्यावर लिवलेलं होतं."

मंग उरलेलं खाद्य टोपल्यात ओतलं, पोत्याची घडी केली अन् बुलढान्याले ढोराच्या सरकारी हापिसात मोठ्या साहेबाकडं तक्रार घेऊन गेलो. साहेब पुन्याकडचे. त्यायनं नखानं कुकू खरडलं. खरडता खरडता अक्षरं निंगाले... 'सहा महिन्यांखालील वासरांना देऊ नये.'

"वाचा! पोत्यावर लिहिलेलं आहे. आणि हे पाहा, माणसाच्या खाण्याला कायदा आहे, जनावराच्या खाण्याला अजून नाही."

म्हनलं, "पन साहेब, दुकानदार तं म्हने चालते..."

"दुकानदार काय म्हणाला ते पोत्यावर लिहिलेलं आहे का?"

पोत्याची पुन्हा घडी केली अन् आलो घरी. रुखमानं ते खरडेल कुकू पाहलं. तवापासून घरात सुई येवो का नांगर, कोन्याच वस्तूले ती कुकू लावत नाई.

उरलेलं खाद्य चांदीनं खाल्लं. तिले चालते ना! मंग थंडी पडली तसं रुखमानं ते रिकामं पोतं झूल म्हनून तिच्या पाठीवर टाकलं. आता रोज सकायी मी बादली घेऊन बसतो. गाय काई पान्हा सोडत नाई. मोगरीच्या खुंट्याकडं मान करून हंबरते... मले इचारते, कुठी हाय म्हून... अन् माह्या डोयासमोर तेच, सहा महिन्यांखालील वासरांना देऊ नये...

मी काय सांगू तिले? म्हनतो, बाई, मले नको इचारू... तुह्याच पाठीवर हाय... पोत्यावर लिवलेलं हाय!