पठाराच्या खालचं आभाळ

हॅलो?… हां भागामावशी, जयभीम. बोल… मी एरंडोलकडे आलेय, कापसावर फवारणीला. ड्रोन खाली उतरवलाय, बॅटरी बदलतेय. बोल तू…

काय? तुझी सपना आज एकटी विमान उडवणार? शिकवणारे सर शेजारी नाहीत?… अगं वा! मग रडतेस कशाला?… बरं, सर्दी झालीय. बरं.

हो… हो… गच्चीवर कोण आलंय?… लग्नाचं शूटिंग करतो तो जितेंद्र? ड्रोन घेऊन?… मावशी, थांब. अगं ऐक ना… उडवायचा नाही.

नाही म्हणजे नाही. घाट चढला की लगेच धावपट्टी, म्हणजे तुमचं गाव नकाशावरच्या लाल गोलात येतं. तिथे सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन वीतभरही उचलता येत नाही… मीसुद्धा नाही. लायसन असलं तरी नाही.

‘बठ्ठा गावले दखाडनं शे’… कळतंय गं, सपनाचं विमान शूट करून अख्ख्या गावाला दाखवायचंय. शेजारच्या शेवंताबाईला तर आधी, ना? ‘पोरीला स्कूटी तरी नीट येते का’ म्हणाली होती ती… हो, आठवतंय.

कोण म्हणतो? जितेंद्र?… विमानतळ वर पठारावर, आपण खाली दरीत, म्हणून ड्रोन विमानाच्या खालीच राहील?… अगं, नकाशावरचा लाल गोल डोंगर-दरी बघत नाही. आणि पठाराची कड संपली की खाली तुमचीच दरी. उतरायला वळताना सपना तुमच्याच आभाळातून जाणार… हो, ड्रोन किलोभराचाच आहे. विमानाच्या काचेवर आदळला तर? आज शेजारी सर नाहीत, मावशी.



घाबरवत नाहीये. दे त्याला फोन… जितेंद्रभाऊ, मृणाली बोलतेय. स्क्रीनवर उडवू नका असं आलं होतं ना?… मग?… दोन मिनिटंही नाही. बॅटरी काढा. मावशीच्या हातात द्या.

मिळाली?… गरम लागतेय? म्हणजे सुरू केला होता त्याने. राहू दे तुझ्याकडेच… पदरात बांध, चालेल.

आता शेवंताबाईला वर बोलव… आलीच आहे? मग झालं की! डोळ्यांनी बघू दे… ओढणी हलव, पण सपना खाली बघणार नाही हं. बघूच नये तिने… हो, तरी हलव.

तो आवाज… आलं का?… कुठून?… शेवंताबाई ओरडतेय का ही?… मावशी, फोन कानाला लाव!

गेलं?… कडेच्या पलीकडे? आता दिसत नाही?… उतरलंच असेल गं… नाही, मलाही इथून कसं कळणार?… थांबते. आहे मी लाईनवर. बॅटरी घट्ट धर आणि बस खाली… पाणी पी…

…

नाही, काहीच ऐकू येत नाहीये मला… तो टूं-टूं कसला? तुझ्याच फोनवर?… दुसरा फोन येतोय तुला. नाव वाच… चष्मा कुठेय? शेवंताबाईला वाचायला सांग…

सपनाचा? अगं मग माझा ठेव! ठेव ना माव—