गोगलगायींचा लेख

हॅलो?… हो काकू, मीच, लायब्ररीतून… नाही हो, अजून नाही दिसत. मीही तेच पांढरं पान बघत बसलेय.

सर कुठे आहेत?… कपडे बदलले? एवढ्यात? अहो, ऑपरेशन अकरा वाजता होतं ना!… लवकर घेतायत. बरं. किती वेळ आहे मग?… वीस मिनिटं. थांबा, स्पीकरवर टाकते, दोन्ही हात मोकळे हवेत.

काय विचारतायत ते?… नाही, नाही, सांगा त्यांना, लेख पुसला गेलेला नाही. चाळीस वर्षं नदीकाठी गोगलगायी मोजल्या त्यांनी, त्या मी एका सकाळीत बुडवीन होय?… हसू नका काकू.

अहो, आपलं नियतकालिक ज्या सॉफ्टवेअरवर निघतं ना… हो, तेच, फुकटचं. जगभरच्या लायब्ररीवाल्यांनी मिळून केलेलं. त्याची नवी आवृत्ती आली, म्हटलं सरांचा अंक नव्यावरच काढू. सकाळी चढवली आणि सगळी साइट पांढरी फटक!… कंपनीला कसा करणार फोन? कंपनीच नाही. तिथे प्रश्न टाकायचा आणि कुणी वाचतंय का बघायचं… टाकलाय ना, तासभर झाला…

थांबा! उत्तर आलंय… कुठली तरी लायब्ररीवालीच आहे. म्हणते, आमच्याकडेही अस्संच झालं. साइटची जुनी सजावट नव्या आवृत्तीशी जुळत नाही, ती बंद करा… केली… काकू, एक मिनिट बोलू नका… नाही हो, रागावले नाही…

पांढरंच आहे.

काय? स्ट्रेचर आलं? दोन मिनिटं म्हणावं त्यांना!… सर स्वतःच भांडतायत? नर्सशी? भांडू द्या, भांडू द्या… साइट परत एकदा सुरू करते… ये बाई, ये…

आलं! काकू, मुखपृष्ठ आलं! तुमच्या फोनवर बघा… अहो, ते जुनं पान, बोटानं खाली ओढून सोडा… हां. दिसलं? वाचून दाखवा त्यांना.

…हो. लेखकांत दुसरं नाव तुमचंच आहे… चूक नाही काकू. मी नाही घातलं, सरांनीच. गेल्या महिन्यात मुद्दाम येऊन गेले. म्हणाले, शंखांची साडेतीनशे चित्रं तिनं काढली, आणि मी आजवर नुसते आभार मानत आलो. सांगू नकोस म्हणाले, छापून आल्यावरच दिसू दे… म्हणून तर हट्ट होता, ऑपरेशनला आत जायच्या आधी अंक निघायला हवा.

काकू?… काकू, रडू नका, ते बघतील… ते पण?… अरे देवा.

द्या, द्या त्यांना… हॅलो सर… पान चौदा? तो शंख उजवीकडे नाही, डावीकडे वळतो? सर, ते परत आल्यावर करू ना… बरं, बरं, आत्ता करते… झालं सर. डावीकडे केलं. जा आता निवांत…

हॅलो?… नेलं?… दार लागलं. किती वेळ लागेल म्हणाले?… चार तास. बरोबर कोण आहे तुमच्या?… कुणीच नाही? मी निघाले. लायब्ररी बघतील शिपाईमामा… नाही, ठेवू नका, जिना उतरतेय मी, बोलत राहा. चित्रांचं सांगा. पहिलं कुठलं काढलंत?… हो… भर पावसात? कागद नाही भिजला?… छत्री धरून उभं कोण, सर?… किती वेळ?… हॅलो? काकू?… जिन्यात रेंज गेली वाटतं… हॅलो?…