जहाजावरची एक रिकामी जागा

सभेचे अध्यक्ष माननीय आबासाहेब, आपल्या शाळेचे, म्हणजे सरकारी बोलीत मदरशाचे, सदर मुदर्रिस हेडमास्तर साहेब, व्यासपीठावरची सर्व मान्यवर मंडळी, ज्यांना आज आपण निरोप देत आहोत ते ड्रॉइंगचे वैजीनाथ गुरुजी, समोर बसलेले जिंतूरकर बंधू आणि पलीकडे दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या आयाबहिणी, आपणा सर्वांना कोकिळाचा नमस्कार. कुणाचं नाव मागंपुढं झालं असेल तर ते मी घाबरले आहे म्हणून. मनात तसं काही नाही.

गुरुजी माझे मामा. मी शाळेची पायरी चढले ती थेट मुलींना शिकवायलाच. त्याआधीचं सगळं शिक्षण मामांच्या ओसरीवर झालं. म्हणून आबासाहेबांनी सांगितलं, तू त्यांच्याविषयी चार गौरवाचे शब्द बोल. मी ते शोधू लागले. पण खोटं बोलायचं नाही हेही त्याच ओसरीवर शिकवलेलं, त्यामुळे माझी पंचाईत झाली. ज्या माणसानं एका लाकडी जहाजापायी सगळ्या घराला सळो की पळो करून सोडलं, त्याचा गौरव करायचा तरी कसा?

ते जहाज इथं टेबलावर आहे. वजीफ्यावर, म्हणजे पेन्शनीवर, परभणीला राहायला जाताना गुरुजी ते मदरशाला देत आहेत. त्याची हकीकत थोडक्यात सांगते.

लढाईच्या दिवसांत परभणीला नुमाइश, म्हणजे प्रदर्शन, भरायची होती. प्रत्येक तालुक्यानं काहीतरी करून आणायचं होतं. मामांनी ठरवलं, युद्धनौका. मी विचारते, का? आपल्या जिंतुरात समुद्र पाहिलेला माणूस आहे का? चारठाण्याचं देऊळ केलं असतं तर काही अडलं की बैलगाडी जुंपून बघून तरी आलो असतो. इथं सगळा आधार म्हणजे वर्तमानपत्रातलं एक चित्र, आणि त्यात जहाजाची एकच बाजू. दुसऱ्या बाजूला काय असेल यावर मामा जेवताना बोलत, आंघोळीचं पाणी निवतंय म्हणून हाका मारल्या तरी बोलत.

जहाज एक वेळ परवडलं. शिवणीचं लाकूड होतं, सुतारानं कोरून दिलं. खरा जाच होता तो विमानं पाडायच्या तोफांचा. बोटाच्या पेराएवढी एकेक तोफ. कोटाच्या पितळी बटणाची बैठक, तिच्यावर आभाळाकडं तोंड केलेली पितळी तारेची नळी. त्या करायचं काम माझ्याकडं. मी घासून आणावी, मामांनी ती डोळ्याजवळ धरावी आणि म्हणावं, "जाड झाली." दुसरी न्यावी तर, "ही बारीक झाली, हिनं चिलट मरंल." एकदा मी चिडून म्हणाले, मामा, एक कमी बसवली तर काय बिघडेल? त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी गावाची वेस उघडी टाकून आले आहे. म्हणाले, "इमान नेमकं त्याच अंगानं येईल." विमान. जिंतुरात.

शेवटी सगळ्या तोफा त्यांच्या पसंतीला उतरल्या. ते दिवस संक्रांतीचे. मामांनी तोफा चिंचेनं उजळल्या आणि ऊन बरं येतं म्हणून माजघराच्या खिडकीशी वाळत ठेवल्या. कशात ठेवाव्यात? मामीच्या हळदीकुंकवाच्या ताटात.

माझी मामी, धुरपताबाई, इथं समोरच बसली आहे आणि माझ्याकडं रागानं पाहत आहे, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. लढाईमुळं त्या वर्षी वाण लुटायला बाजारात काही मिळत नव्हतं. मामी आठवडाभर कुरकुरत होती. ताटात पाहते तर पितळेच्या चकचकीत, गोल बुडाच्या, उंच मानेच्या इवल्या गुलाबदाण्या! तिला वाटलं, एवढ्या वर्षांत नवऱ्यानं पहिल्यांदा संसारात लक्ष घातलं. तिनं डोळे पुसले आणि आल्या सवाष्णीला एकेक तोफ वाण म्हणून दिली.

आता, दिलेलं वाण परत मागता येत नाही हे इथल्या पुरुष मंडळींना ठाऊक नसेल तर घरी जाऊन विचारावं. मामा म्हणाले मागून आण. मामी म्हणाली, "तुमच्याच आयुष्याचं वाण हाय ते. मागू? सांगा, मागू?"  शेवटी बायकांनीच वाट काढली. रथसप्तमीपर्यंत ज्यांच्या घरी हळदीकुंकू होतं, त्यांनी मामीला बोलावलं आणि तीच तोफ वाण म्हणून तिच्या ओटीत घातली. दगडाबाईंनी तर तोवर भांड्यावर घालतात तसं तोफेवर नाव घालून घ्यायला सुरुवात केली होती. एक 'द' झाला होता. तो अजून आहे. डाव्या अंगाची तोफ नीट पाहिली तर दिसेल.

सगळ्या आल्या. एक राहिली. ती कस्तुराबाईंकडं होती.

कस्तुराबाई वेशीजवळ राहतात. त्यांचा मुलगा चंद्रभान तेव्हा फौजेत होता, ब्रह्मदेशात. त्यांनी मामीला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. मामी आपण होऊन गेली, ती रिकाम्या हातानं आली आणि काही सांगेना. नुमाइश तोंडावर आलेली. मामा तावातावानं निघाले, मला बरोबर घेतलं. मला वाटलं, आता ही बाई आणि हा माणूस, यातलं एक कुणीतरी रडणार.

तोफ देवघरात होती, देवांच्या पुढं, हळदकुंकू लावलेली. तोंड दाराकडं. ही गुलाबदाणी नाही हे साऱ्या बायकांत त्यांनी एकट्यांनी विचारून घेतलं होतं.

"मास्तर, ही इमान पाडती म्हणं?"

मामांना तिथंही राहवलं नाही. म्हणाले, "खरी असली तर पाडती. हा नमुना हाय."

"असू द्या. माझ्या लेकराच्या डोक्यावरून इमानं जायलेत. त्याच्याजवळ तोफ हाय का न्हाई, मला कोण सांगायलंय?"

मामा खाली बसले. मला वाटलं, आता समजावून सांगतील, नुमाइश, तालुक्याची इभ्रत वगैरे. त्यांनी चष्मा पुसला, वाकून तोफ निरखली आणि एका बोटानं तिची नळी अलगद वर केली. म्हणाले, "दाराकडं नको. इमान वरून येतं." आणि उठले.

जहाज तसंच नुमाइशीला गेलं. तिथल्या साहेबांनी मोकळ्या जागेवर बोट ठेवून विचारलं, "ये टूट गई क्या?" मामा म्हणाले, "जी नहीं, तैनात है." पहिलं बक्षीस एका भोपळ्याला मिळालं. मला आजतागायत त्या भोपळ्याचा राग आहे.

आता लढाई संपून वर्ष झालं. फौजेतली पुष्कळ मुलं गावोगाव परतली. चंद्रभानचं पत्र नाही.

गेल्या आठवड्यात आबासाहेबांनी मला बोलावून सांगितलं, जहाज मदरशाला द्यायचं तर पुरं असावं, उणी तोफ करून दे. मी केली. आज सकाळी मामांना दाखवली. त्यांनी डोळ्याजवळ धरली, फिरवून पाहिली. मी वाट पाहत होते की जाड आहे की बारीक. ते म्हणाले, "चांगली झाली." इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग म्हणाले, "तुझ्याजवळ ठेव. तिथं लावू नको." असा माणूस. याला काय म्हणावं?

ती तोफ आत्ता माझ्या मुठीत आहे. आबासाहेब, आपण वडीलधारे आहात, आपला शब्द मी मोडत आहे.

गुरुजींना आणि मामींना परभणीत सुख लाभो. आपण सर्व उन्हातान्हाचे आलात, मी आभारी आहे. खांबाला टेकून कस्तुराबाई बसल्या आहेत, त्या आल्या याबद्दल त्यांचे वेगळे आभार. माझ्या बोलण्यात जे चुकलं, जे जास्त झालं, ते मुलीचं समजून पोटात घाला. मात्र मागाहून जहाज पाहायला याल तेव्हा मागच्या अंगाला एक जागा रिकामी दिसेल. तिच्याबद्दल मी क्षमा मागत नाही. ती चूक नाही.