अडीच फुटांचं दार

"पोरींना घरी जायची एवढी घाई कसली?"

तेरा वर्षांपूर्वी कानावर पडलेलं हे वाक्य. समारंभाचे अध्यक्ष माननीय हंबीरराव, व्यासपीठावरील पाहुणे, सत्कारमूर्ती गुंडूराव सर, पालक, आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या मुलींनो, ते वाक्य कोणाचं, हे मी सांगणार नाही. अध्यक्ष हसताहेत, तेवढं पुरे.

तेव्हा शाळेचा मोठा दरवाजा फक्त मुलांचा. मुलींनी मागच्या भिंतीतल्या दारानं जायचं, अशी रीत. चौपन्न साली त्या दारात नववीतल्या चंपाचा हात चेंगरून मोडला. तिचे वडील कल्लाप्पा चामराजपेटेच्या बाजारात चटया विकायचे. ते शाळेत येऊन शांतपणे म्हणाले, "सरी, ठीक आहे, झालं शिक्षण. उद्यापासून पोरगी घरी."

मोठा दरवाजा मुलींनाही उघडा करा, असं सांगायला सर आणि मी कमिटीपुढे गेलो. मी मराठीची शिक्षिका, पण आकडे मीच मांडले: मुलं दोनशे, मुली नव्वद. झालं. कमिटी म्हणाली, म्हणजे खरी गर्दी मुलांच्याच दरवाजात की! आणि त्यावर ते घाईचं वाक्य. चंपाची बाजू मीच हरवली, हे मला फार दिवस डाचत राहिलं.

बाहेर आल्यावर सर रागावले नाहीत. म्हणाले, "अक्का, एकूण किती गेले ते सोडा. एका फुटातून एका मिनिटात किती गेले, ते बघू. यालाच फ्लक्स म्हणतात." पाणी असो, उष्णता असो, प्रकाश असो, प्रवाह केवढा याहून तो किती दाटीनं जातो, हे सांगणारा तो शब्द. विज्ञानाच्या वर्गात सर तो रोज शिकवत. त्या दिवशी मला शिकवला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना पुढच्या दरवाजात सर, मागच्या दारात मी, हातात घड्याळ. दहा फुटांतून दोनशे मुलं, पाच मिनिटं. फुटामागे मिनिटाला चार. अडीच फुटांतून नव्वद मुली, सहा मिनिटं. फुटामागे मिनिटाला सहा! दीडपट दाटी आमच्या दारात.

कमिटीतल्या हंबीररावांनी आमचा पाटीवरचा हिशेब दोनदा वाचला, टेप मागवली, स्वतः वाकून दार मोजलं. मग मोठ्या दरवाजाशी गेले आणि मुलींना हात केला. अध्यक्षमहाराज, तो हात मी विसरलेली नाही. कल्लाप्पा फाटकाबाहेर उभे होते. म्हणाले, "उद्या पाठवतो."

सर आज निवृत्त होताहेत; सोमवारपासून त्यांचा वर्ग कोण घेणार, ठाऊक आहे ना? तीच चंपा, एम.एस्सी. होऊन आलेली.

मी लांबले असेन, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर आपलं माणूस म्हणून पोटात घाला. आपण सगळे आलात, फार बरं वाटलं.

आता सर, एक मागणं. त्या दिवसापासून मागच्या दारानं तुम्ही एकटेच जाता. विचारलं की म्हणता, "पुढे तेवढीच स्वल्प दाटी कमी." आज तरी या मुलींबरोबर मोठ्या दरवाजानं चला. तुम्ही नाहीच म्हणाल. तरी विचारते.